टाळेबंदीस, कुंभारीबद्दल

टाळेबंदीबाई,

25 मार्च 2020 रोजी तू देशभर लागलीस. हुकूम साधा होता: घरी बसा. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलातल्या विडी वळणाऱ्या बायका तर आधीपासूनच घरी बसलेल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेली तेंदूपानं, हातात कात्री. सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी कामगार नेते आडम मास्तरांबरोबर मोर्चे काढून ही दहा हजार घरं मिळवली. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग चाव्या द्यायला आले होते.

त्या वर्षी ‘वर्क फ्रॉम होम’चं केवढं कौतुक झालं! या बायकांच्या आयाही तेच करायच्या. फक्त लॅपटॉपवाल्यांपैकी पुष्कळांचा पगार महिनाअखेर खात्यात येत राहिला, आणि विडी वळणारीची मजुरी हजार विड्यांवर. पान-तंबाखू कारखान्यातून आणायचा, वळलेल्या विड्या तिथेच मोजून द्यायच्या. तू कारखान्याला कुलूप घातलंस आणि घरातलं सूप रिकामं झालं.

मालकांनी पगार कापू नये, असा केंद्राचा आदेश 29 मार्चला निघाला होता, खरं आहे. 18 मेपासून तो मागे घेतला गेला. पण होता तेव्हा तरी, हजारावर राबणारीचा ‘पगार’ त्यात कुठल्या रकान्यात बसत होता? महाराष्ट्राने तुझ्याआधी पुढे केला तो साथरोग कायदा 1897 चा, प्लेगच्या वेळचा. त्यात मजुरीबद्दल अक्षर नाही.

तू साथीला आवर घातलास, ते नाकारत नाही. पण तंबाखूची धूळ ज्या खोलीत उडते, तिथेच स्वयंपाक आणि तिथेच झोपणं. तुझ्या चार भिंती सगळ्यांना सारख्याच सुरक्षित कशा? इथला खोकला जुना. त्या उन्हाळ्यात खोकणाऱ्याकडे लोक कसे बघायचे, ते तुला सांगायला नको. शिवाय विडी कामगारांचे दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या ज्या उपकरावर चालायच्या, तो जीएसटीबरोबर 2017 मध्येच गेला होता. म्हणजे तुझ्याआधीच कुणीतरी भिंत पोखरून ठेवली होती.

पुन्हा यायचं झालं तर पान-तंबाखू घरपोच द्यायची सोय आधी कर, मग कुलूप घाल. बंद दिवसांची मजुरी मागच्या महिन्यांच्या सरासरीने दे. जिचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, तिचा हिशेब कारखान्याच्या वहीत असतोच. शेजारी आता रे नगर ही कामगार वसाहतही उभी राहिलीय. 19 जानेवारी 2024 ला तिथल्या 15,000 घरांचं लोकार्पण झालं. तिथे शिलाईवाल्या आहेत, यंत्रमागावरचे आहेत, कचरा वेचणाऱ्या आहेत. त्यांच्यातल्या कितीजणांचं नाव कुठल्या वहीत आहे, ते आत्ताच विचारून ये.