न उडालेले जहाज

वॉशिंग्टनला जाऊन आलेल्या मराठी माणसाने परतल्यावर काय सांगावयाचे, हे आता ठरून गेले आहे. व्हाइट हाउस कुंपणाबाहेरून पाहिले, लिंकनच्या पायऱ्यांवर फोटो काढला, आणि एवढी मोठी संग्रहालये असूनही तिकिटाचा एक पैसा पडला नाही! ही तीन वाक्ये म्हटल्यावाचून त्याची सुटका नाही. २०१७ साली मी दादाकडे गेलो होतो, आणि परतल्यावर ही तिन्ही वाक्ये यथासांग म्हणून झाली आहेत. तेव्हा आता चौथी गोष्ट सांगायला हरकत नसावी.

ती आहे एका जहाजाची. विमानांच्या आणि अंतराळयानांच्या त्या राष्ट्रीय संग्रहालयात शिरले की पहिले दालन लागते ते उड्डाणाच्या इतिहासातल्या मैलाच्या दगडांचे. १९२७ साली न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत साडेतेहेतीस तास एकट्याने उडत गेलेल्या लिंडबर्गचे विमान आम्ही गेलो तेव्हा तिथे डोक्यावर टांगलेले होते. १९६२ साली ज्यात बसून जॉन ग्लेनने पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घातल्या, ती कुपी होती. चंद्रावरून आणलेल्या दगडाची एक चकती होती. येणारा प्रत्येकजण तिला बोट लावून जातो, त्यामुळे ती देवळातल्या कासवासारखी गुळगुळीत झाली होती. आणि याच थोरामोठ्यांच्या पंगतीत, काचेच्या मोठ्या पेटीत, अकरा फूट लांबीचे एक करड्या रंगाचे जहाज मांडले होते. पुढे एक प्रचंड बशी, तिच्याखाली एक जाड नळकांडे, आणि मागे दोन लांब खांबांवर उचलून धरलेल्या दोन नळ्या. नाव 'एंटरप्राइज'.

माझा पुतण्या तेव्हा दहा वर्षांचा होता. प्रत्येक यानाखालची पाटी वाचून ते किती लांब गेले, याचा हिशेब तो ठेवीत होता. इथे त्याची गाडी अडली.

"काका, हे किती लांब गेलं होतं?"

"कुठेच नाही. हे लाकडाचं आहे, आत थोडं प्लास्टिक आणि पत्रा. एका गोष्टीतलं जहाज आहे हे."

"मग इथे कशाला ठेवलंय?"

वाचकहो, मी कॉलेजात मराठी शिकवतो. दरवर्षी शेवटच्या बाकावरून हाच प्रश्न निराळ्या शब्दांत माझ्याकडे येतो : "सर, जे घडलंच नाही ते वाचायचं कशाला?" ज्याचा संसारच कल्पित गोष्टींवर चालला आहे, त्याला हा प्रश्न म्हणजे थेट भाकरीचा प्रश्न. वर्गात मी 'जीवनदर्शन' वगैरे शब्दांनी वेळ मारून नेतो. इथे समोर दहा वर्षांचे पोर होते आणि डोक्यावर लिंडबर्गचे खरेखुरे विमान. मी दादाकडे पाहिले.

दादा विमानांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागे, तेव्हा आम्ही दोघे शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून हेच जहाज पाहत असू. दादाने त्याची नक्कलही केली होती : आईची एक ताटली आणि उदबत्तीची दोन नळकांडी. ताटली परत मिळेपर्यंत घरात जे झाले ते सांगत नाही. त्या जहाजामुळे दादा विमानांकडे वळला असेही मी म्हणणार नाही. असे योगायोग मुलाखतीत शोभतात. पण त्या दिवशी पेटीपुढे उभा राहून तो बोलू लागला तो एका कारागिराने दुसऱ्याबद्दल बोलावे तसा.

हे जहाज आखले मॅट जेफ्रीज नावाच्या गृहस्थाने. दुसऱ्या महायुद्धात तो बॉम्बफेकी विमानांवर होता. स्वतः विमान चालवी, विमानांची चित्रे काढी. १९६४ साली मालिकेचा कर्ता जीन रॉडनबेरी याने त्याला काय हवे यापेक्षा काय नको हेच अधिक सांगितले. पंख नकोत, मागून आगीचे लोळ नकोत, अग्निबाण नको. पण जहाजात ताकद मात्र दिसली पाहिजे! जेफ्रीजने चित्रांचे ढीग घातले. आणि अखेर उत्तर सापडले ते मिस्त्रीच्या प्रश्नांतून. इतकी भयंकर ताकदीची यंत्रे माणसांच्या शेजारी कोण ठेवील? म्हणून ती दूर, खांबांवर. बिघडली तर काढून दुसरी बसवता येतील अशी. जहाजाचे अंग बाहेरून गुळगुळीत का? कारण अंतराळात दुरुस्तीसाठी सारखे बाहेर कोण जाणार? यंत्रसामग्री आतल्या बाजूला, हाताशी हवी. जहाजावर १७०१ हा आकडा आहे, त्यातही तीच दृष्टी. ३, ६, ८, ९ हे आकडे लांबून एकमेकांसारखे भासतात, म्हणून ते वगळले.

"बघ," दादा म्हणाला, "या माणसाने आधी विचारलं, की मेकॅनिक उभा कुठे राहणार?"

मला आपले पुष्पक विमान आठवले. कितीही माणसे बसली तरी जागा उरतेच, आणि मनात आणावे तिकडे जाते. मोठी रम्य कल्पना! पण लंकेत त्याची डागडुजी कोण करीत होते, हे कोणी विचारले नाही, कारण ते देवांच्या घरून आलेले होते. एंटरप्राइज माणसांचे. त्यात ४३० माणसे राहतात असे धरून चालायचे, म्हणून त्यांच्या जिवाची काळजी आराखड्यातच आली.

एवढ्यात पुतण्या पेटीला वळसा घालून पलीकडे गेला आणि ओरडला, "इकडे काहीच नाहीये!"

खरेच नव्हते. उजवी बाजू देखणी, खिडक्यांत दिवे, ठसठशीत अक्षरे. डावी बाजू अर्धवट, वायरी आत घेण्यापुरती. कॅमेऱ्याला उजवीच बाजू दिसायची, मग आतल्या दिव्यांच्या वायरी डावीकडूनच नेल्या. २०१४ ते २०१६ अशी दोन वर्षे खपून संग्रहालयाने या जहाजाचा जीर्णोद्धार केला, एक्स-रे काढून आतले सांधे तपासले, जुने फोटो लोकांकडून मागवले. बशीच्या माथ्यावरचा मूळ रंग शिल्लक होता तो तसाच जपला. आणि डावी बाजूही खोटी सजवली नाही.

दादा आणि मी एकमेकांकडे पाहून हसलो. दिवाळीत आम्ही अंगणात किल्ला करीत असू त्याची पाठ अशीच असे : विटा, फाटके पोते आणि भिंत. पण पुढून तटाला दिंडी हवी, वर पाण्याचे टाके हवे, वेढा पडला तर धान्य कोठे ठेवायचे याचा वाद हवा. त्या किल्ल्यावर कधी लढाई झाली नाही. तरी टाके विसरले तर दादा रात्री कंदील घेऊन खणायला बसे.

"पण मग हे उडालं नाहीच ना?" पुतण्या मूळ मुद्द्यावर आला. पोरगे वकील होणार, असे वहिनी म्हणते ते खोटे नाही.

दादाने त्याला त्याच दालनातल्या चांद्रयानापाशी नेले. चार पाय, सोनेरी वेष्टन. "हे तरी कुठे गेलं होतं?" हे यान माणसांवाचून उडवून चाचणी घेण्यासाठी बांधले होते. पण १९६८ च्या जानेवारीत पहिलीच चाचणी इतकी नीट झाली, की याची गरज उरली नाही. मग ते पृथ्वीवरच उंचावरून आपटून पाहिले. चंद्रावर उतरताना पाय टिकतील का, हे त्याने सांगितले. स्वतः चंद्रावर गेले नाही.

आणि तिसरे सांगितले ते मी. १९७६ साली अमेरिकेने पहिले स्पेस शटल बांधले, तेव्हा मालिकेच्या चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडून त्याचे नाव 'एंटरप्राइज' ठेवायला लावले. तेही अंतराळात गेले नाही. १९७७ साली मोठ्या विमानाच्या पाठीवरून सोडून ते जमिनीवर उतरवून पाहिले, तेवढेच. पण पुढची शटले कशी उतरतील, हे त्याने शिकवले.

पुतण्याने आपली वही काढली. नावांपुढे मैलांचे रकाने होते. एंटरप्राइजपुढे त्याने शून्य लिहिले, थोडा विचार केला, आणि ते तसेच ठेवून वहीच्या मागच्या पानावर जहाजाचे चित्र काढायला बसला. उजवी बाजू झाल्यावर त्याने विचारले, "बाबा, यातली माणसं आजारी पडली तर दवाखाना कुठे?"

दादा त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. संग्रहालय बंद व्हायला अजून तासभर होता.