वाळवंटातली जोहर

मार्च २०१७. शनिवारी पहाटे सॅन दिएगोहून आम्ही सातजण मोटारसायकलींवर निघालो. ज्युलियन गावात थंडीने बोटे आखडली होती. घाट उतरलो आणि अंगावर ऊन आले. अँझा-बोरेगोच्या वाळवंटात त्या हिवाळ्यात पाऊस चांगला झाला होता. वर्षानुवर्षे वाळूत निजलेले बी एकदम उठले होते. पिवळी रानसूर्यफुले, जांभळी व्हर्बिना, पांढरी प्रिमरोज. ओकोटियोच्या काटेरी काठ्यांनाही लाल तुरे! जाडजूड सुरवंट रोपे फस्त करीत होते.

जोहरची वेळ झाली. जानेवारीतच सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदीचा हुकूम निघाला होता. भारत त्या यादीत नव्हता, तरी चारचौघांत नमाज पढायचे मी टाळू लागलो होतो. गटात एक निवृत्त नौसैनिक होता. त्या विषयावर आम्ही कधी बोललो नव्हतो. "पाय मोकळे करून येतो," म्हणालो. खोटेच. पाणी पिण्यापुरतेच होते, म्हणून तयम्मुम केला. आमच्या कोकणात किबला पश्चिमेला. इथे उत्तरेपासून जरा पूर्वेला. सजद्यात फुले चिरडू नयेत म्हणून मोकळी वाळू शोधली.

सलाम फेरला तर तो मागे उभा, हेल्मेट काखेत. वाऱ्याने उडालेला माझा रुमाल त्याने हातात दिला.

"सकाळचीही राहिली का? ज्युलियनला थांबलो असतो."

फजर घरीच पढून निघालो होतो. तसे सांगितले. मग असर किती वाजता, हेही त्याने विचारून घेतले.