ओलीतली फुलं

लेकीनं दिलेली पाच हजार येनची एक जुनी नोट माझ्याकडे आहे. पुढच्या बाजूला हिगुची इचियो, चोविसाव्या वर्षी गेलेली लेखिका. मागच्या बाजूला गडद निळ्या आयरिसचा ताटवा. नोट मी काढते ती या मागच्या बाजूसाठी. ही फुलं पाण्यात वाढणारी, आणि चित्रात पाण्याचा टिपूस नाही.

मूळ चित्र ओगाता कोरिनचं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. घडीच्या दोन पडद्यांवर पसरलेलं. तोक्योच्या नेझू संग्रहालयात ते वर्षातून काही आठवडेच बाहेर काढतात, वसंतात, मागच्या बागेतल्या तळ्यात तीच फुलं उमलतात तेव्हा. सगळीकडे सोन्याचा वर्ख, त्यावर खनिजं कुटून केलेला निळा आणि हिरवा. तळं नाही, काठ नाही. या चित्रामागे ‘इसे मोनोगातारी’ या हजारेक वर्षांपूर्वीच्या पुस्तकातली गोष्ट आहे. घर सोडून पूर्वेकडे निघालेला एक रसिक आठ फळ्यांच्या पुलापाशी थांबतो, फुलं बघून त्याला मागे राहिलेली बायको आठवते, तो कविता रचतो. ती ऐकून सोबतचे सगळे असे रडतात की शिदोरीतला वाळवलेला भात आसवांनी भिजून फुगतो. कोरिननं पूलही गाळला, माणसंही गाळली. चित्रातलं पाणी कुठे गेलं, तर माझ्या मते त्या भातात.

लेक राहते निशी-कासाईत, जिथे लिफ्टमध्येसुद्धा मराठी कानावर पडतं. तिच्या शेजारच्या आजींनी मला हातवाऱ्यांनी आयरिस ओळखायला शिकवलं. पाकळीच्या गळ्याशी बघायचं. पांढरी रेघ असली तर काकित्सुबाता, कोरिननं काढलेली ती. पिवळी असली तर हानाशोबू. जाळी विणलेली असली तर आयामे. दोन सारख्याच देखण्या गोष्टींतून एक निवडायची वेळ आली की जपानी माणूस याच फुलांची नावं घेतो, पण खरा फरक पायाशी आहे. काकित्सुबाता बारा महिने पाण्यात उभी राहते. आयामेला कोरडी जमीन चालते. हानाशोबूला हवी असते ओल.

तोक्योतल्या होरिकिरीच्या हानाशोबूच्या बागेत मी गेले ती जूनमध्ये, त्यांचा पावसाळा नुकता लागला होता तेव्हा. वाफ्यांत घोटाभर पाणी आणि त्यात उलटी फुलं. मला वाटलं, हीच यांची राहणी. पण हे पाणी बघणाऱ्यांसाठी सोडलेलं असतं; एरवी या वाफ्यांत नुसती दमट माती असते. कोंब वर येऊ लागले की पाणी भरपूर हवं, फूल सरेपर्यंत ते तोडायचं नाही. मग हात आखडता घ्यायचा. हिवाळ्यात पानं वाळून जातात, तेव्हा कंद पाण्यात राहिला तर कुजतो. माती आंबट हवी. चुना, हाडांचं खत, काही जवळ फिरकू द्यायचं नाही. नवी मुळं जुन्यांच्या वर फुटत असल्यामुळे कंद हळूहळू मातीबाहेर डोकं काढतो. म्हणून तीन-चार वर्षांनी, फुलं संपली की, सगळा गड्डा उपटायचा, मधला म्हातारा भाग टाकून द्यायचा, पानं निम्मी छाटायची आणि बाजूचे फुटवे नव्या मातीत लावायचे. त्याच मातीत पुन्हा लावले तर ते खुरटतात. फूल टिकतं तीन दिवस. मग त्याच दांड्यावरची दुसरी कळी.

हानाशोबूची पानं हुबेहूब वेखंडासारखी. जपानात 5 मे हा मुलांचा सण, त्या दिवशी आंघोळीच्या कढत पाण्यात वेखंडाच्या पानांची जुडी सोडतात, सार्वजनिक न्हाणीघरांतही. आपण मूळ घेतो, ते पान घेतात. आमच्या घरी बाळगुटीच्या सहाणेवर वेखंडाचे दोन वळसे पडले की सगळ्या माजघराला तो उग्र, थोडा गोडसर वास यायचा. बाळाला काय वाटत असेल कोण जाणे. मला तो अजून आवडतो.

आता हानाशोबू घडवणारा माणूस, मात्सुदाइरा सादातोमो. शोगुनच्या चाकरीतला सरदार, जन्म 1773चा. क्योतोत नगरदंडाधिकारी होता, पण आज त्याचा एकही निवाडा कुणाला आठवत नाही. त्याच्या वडिलांना हानाशोबूचा नाद होता. उत्तरेकडच्या आसाकाच्या दलदलीतून त्यांनी रानटी बी मागवलं होतं असं सांगतात. मुलानं तोच नाद एदोतल्या, म्हणजे तेव्हाच्या तोक्योतल्या, आझाबूच्या आपल्या वाड्यात साठेक वर्षं चालवला. रानटी फूल तसं लहानखुरं, जांभळट, तीन पाकळ्या लोंबणाऱ्या. बी पेरायचं, फुलाची वाट बघायची, शेकडोंतलं एखादं ठेवायचं, बाकीची उपटून टाकायची, आणि ठेवलेल्याचं बी पुन्हा पेरायचं. त्यातून सहा पाकळ्यांची फुलं आली, भरगच्च आली, शिरांची नक्षी असलेली आली. एका फुलाचं नाव त्यानं ‘विश्व’ ठेवलं. ते आजही लावतात. म्हातारपणी त्यानं लागवडीवर पुस्तक लिहिलं आणि स्वतःला शोओ म्हणवून घेऊ लागला, म्हणजे शोबूवाले आजोबा. या माणसाबद्दल मला जे वाटतं त्याला आदर म्हणता येणार नाही. हेवा आहे तो.

त्याची फुलं दोन वाटांनी बाहेर पडली. कुमामोतोचा सरदार होसोकावा नारिमोरी यानं आपला माणूस शिकायला पाठवला. शोओनं रोपं दिली, पण अट घातली: ही आपल्या मुलखाबाहेर जाऊ द्यायची नाहीत. तिथल्या सामुराईंनी मंडळ काढलं आणि शब्द पाळला. त्यांनी फुलं कुंड्यांत वाढवली. बहर आला की कुंड्या बैठकीच्या दालनात, सोनेरी पडद्यासमोर मांडायच्या, आणि समोर गुडघे मुडपून बसून बघायचं. त्यामुळे फूलही तसंच घडत गेलं: मोठं, भरदार, समोरून बघावं असं. या घराण्याला हिगो म्हणतात. दुसरी वाट होरिकिरीच्या एका शेतकऱ्याकडे गेली. त्यानं बाग लोकांना खुली केली, आणि एदोची माणसं बघायला लोटली. 1857मध्ये चित्रकार हिरोशिगेनं होरिकिरीचं चित्र छापलं. पुढे तीन प्रचंड फुलं, मागे बोटभर माणसं. शोओ आदल्याच वर्षी गेला होता.

हिगोची फुलं मला जरा जडच वाटतात. लग्नातल्या वरमाईसारखी, समोर बसून बघा म्हणणारी. होरिकिरीच्या एदो फुलांच्या पाकळ्यांमध्ये फट असते, वारा आरपार जातो, पावसात मान टाकत नाहीत. चालता चालता वरून बघायची असतात ना. पुढे ताइशो काळात, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कुमामोतोच्या मंडळातल्याच एकानं हिगोची रोपं बाहेर विकली. मंडळ किती दुखावलं असेल! तरी मी त्याच्याच बाजूची. आज जगभरच्या बागांत हानाशोबू म्हणून जे फुलतं त्यातल्या कितीतरी फुलांत हिगोचं रक्त आहे. आणि सगळ्यांना खुल्या असलेल्या होरिकिरीचं काय झालं? महायुद्धात अन्न कमी पडलं तेव्हा आयरिस काढून तिथे भात लावला. वाफे तयारच होते. युद्धानंतर जपून ठेवलेल्या कंदांतून बाग पुन्हा उभी राहिली, 1960मध्ये सार्वजनिक झाली. त्या भाताबद्दल मला वाईट वाटत नाही.

एखादा फुटवा घेऊन यावा असं मनात येतंच. पण मातीतला कंद विमानानं आणायला कायदा आडवा येतो, आणि आणला तरी लावणार कुठे? कोकणातली जांभ्याची माती आंबट आहे, पाऊस हवा तेवढा आहे. पण हानाशोबूला थंडीत मरून पडायला लागतं, आणि ती थंडी आपल्याकडे नाही. आपल्याकडे ओलीच्या जागेवर हक्क अळूचा. मोरीचं सांडपाणी जिथे जातं तिथे अळू आणि कर्दळ, हे ठरलेलं.

अळू जपानातही आहे. सातोइमो म्हणतात. गड्डे उकडून खातात, देठही वाळवून ठेवतात, पानांना मात्र कुणी विचारत नाही. शेजारच्या आजींच्या मळ्याच्या तुकड्यात सातोइमोची रांग आहे. लेकीनं पानं मागितली तेव्हा त्यांना वाटलं, काहीतरी गुंडाळायला हवी असतील. दुसऱ्या दिवशी अळूवड्यांची ताटली त्यांच्या दारी गेली. चिंच दुप्पट घातली होती, कारण तिकडचं पान खाजरं निघेल की काय याचा भरवसा नव्हता. नाही खाजलं. तेव्हापासून पानं आजी स्वतःच आणून देतात, अगदी कोवळी, आणि चिंच म्हणजे काय ते विचारतात.