कणगीतला दाणा

पाच एकर रान असलेल्या घरात खायला कमी पडतं, हे शहरातल्या माणसाला पटत नाही. गावातल्या माणसाला ते ठाऊक असतं, पण तो बोलत नाही, कारण त्यात घराची अब्रू जाते. मी बोलणार आहे. आमच्या घरातला दाणा कसा आटत गेला ते मी पाहिलंय, आणि सगळा दोष पावसावर ढकलणं मला मान्य नाही.

किल्लारीच्या भूकंपानंतर दोन वर्षांनी, १९९५ साली, लग्न होऊन मी औसा तालुक्यातल्या या गावात आले. माजघरात शेणानं सारवलेल्या दोन कणग्या होत्या. मोठीत ज्वारी, धाकटीत तूर. कडुलिंबाचा पाला घालून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कणगीचं तोंड लिंपून टाकायच्या. बुडाला चिंध्यांचा बोळा असायचा. तो काढला की दाणा सळसळत सुपात यायचा. किती काढायचा, शेजारणीला उसना किती द्यायचा, मजुरणीच्या पदरात किती घालायचा, हे सगळं आत्याबाईंच्या हातात. मामंजींना विचारायची गरज पडत नसे. १९७२ च्या दुष्काळात आत्याबाईंनी खडी फोडली होती, सुकडी आणि मिलोवर लेकरं जगवली होती. त्यामुळे कणगी अर्ध्यावर आली की त्यांचा जीव खाली-वर व्हायचा.

मग सोयाबीन आलं. तीन-साडेतीन महिन्यांत पीक हातात आणि पैसा एकरकमी. ज्वारीला पाखरं राखायची, रानडुकरं हाकायची, काढणीला माणूस मिळायचं नाही. मुलांच्या फिया आणि दवाखाना ज्वारीवर भागत नव्हता, तेव्हा घरच्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. आधी दोन एकर, मग सगळं रान सोयाबीनखाली गेलं आणि रब्बीला हरभरा. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर म्हैस, म्हणजे लेकरांचं दूध-ताकही गेलं. कणग्या मोडून तिथं पत्र्याची पेटी आली.

तेव्हापासून आमच्याकडे धान्य विकत येतं आणि वर्षाचा हिशेब असा चालतो. दसरा-दिवाळीला रास होते. नेमका तेव्हाच भाव पडलेला असतो, पण बी-खताच्या दुकानाची उधारी दारात उभी असते, त्यामुळे माल ठेवता येत नाही. हरभऱ्याचे पैसे सोसायटीत आणि लग्नकार्यात जातात. उरलंसुरलं मृगाच्या तोंडावर पुन्हा बियाण्यात. आखाड लागतो तेव्हा रान हिरवंगार असतं आणि घरात पिठाचा डबा खरवडायची वेळ येते.

आधी तेल कमी होतं, मग डाळ. भाकरी सगळ्यात शेवटी कमी होते, आणि ती बायांच्या ताटातून होते. आखाडात मी सोमवार धरायची, गुरुवार धरायची, चतुर्थी तर होतीच. देवावर श्रद्धा होती, आजही आहे. पण साबुदाणा-भगर आणायला पैसे नसायचे, म्हणून ते उपास पाण्यावरच व्हायचे. एकदा जावेनं मला पाटीखाली शिळा तुकडा झाकून ठेवताना पाहिलं. "काय कराय लालीस गं?" म्हणाली, आणि लगेच गप्प झाली. तिचेही तेच वार होते.

ज्वारी भरडून कण्या शिजवल्या की थोड्या दाण्यात जास्त माणसं जेवतात, तसं करायचं. लेकरं दुपारी शाळेतल्या खिचडीवर असायची. सुट्टी लागली की तीही भूक घरावर यायची. पूर्वी खुरपताना ओटीत तांदूळजा, पाथरी, घोळ भरून आणायचो, फुकटची भाजी. आता तणनाशक मारतात. खुरपणीची मजुरी गेली आणि कालवणही गेलं. बायकांचं किती नुकसान झालं याचा हिशेब कुणी केलेला मी ऐकला नाही. अडीनडीला दाणे उसने मिळायचे, तेही बंद झालं, कारण शेजारीही सोयाबीनच. उरतं किराणा दुकान, आणि उधारीवर नेणाऱ्याला भाव विचारता येत नाही. आमच्या गल्लीतलं एक जोडपं दरसाल ऊसतोडीला जातं. मुकादमाची उचल ते पावसाळ्यातच घेतात, घरात दाणा नसतो तेव्हा. पुढचे सहा महिने कोयता चालतो तो आधीच पोटात गेलेल्या पैशांवर.

२०१५ साली सरकारनं मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही माणशी ५ किलो धान्य, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोनं, द्यायला सुरुवात केली. त्या वर्षीच्या दुष्काळात आम्हाला त्यानं खरोखर तारलं. २०२३ पासून धान्य बंद होऊन माणशी दीडशे रुपये झाले, पुढं १७० झाले. एवढ्यात पाच किलो ज्वारी येत नाही. पैसे खात्यात कधी पडतात तेही कळत नाही, आणि ते काढायला औशाला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्यही आहे. ज्वारीच्या मुलखात रेशनवर ज्वारी का देत नाहीत, असं मी ग्रामसभेत विचारलंय आणि पुन्हा विचारणार आहे.

घरात मात्र विचारून थांबले नाही. विहिरीकडचं एकर मी मागून घेतलं. "सोयाबीनचे किती येतील, हिशेब कर की," घरचे म्हणाले. मी म्हटलं, "केलाय. आखाडात दुकानाला किती जातात, तेही धरा ना तुम्ही." बरेच दिवस अबोला होता. शेवटी आत्याबाईंनीच मुलाला ऐकवलं, "तिला दे ते एकर. दाणा घरात असला की बाईला कुणाम्होरं हात पसरावा लागत न्हाई."

त्या एकरात आता पावसाळ्याला मूग असतो. तो लवकर निघतो, म्हणून अडचणीच्या दिवसांतच डाळ हाताशी येते. त्यावर रब्बीला मालदांडी ज्वारी, बांधाला तूर आणि अंबाडी. तिथं तणनाशक मी मारू देत नाही. पाखरं खातात, एका साली डुकरांनी निम्मं लोळवलं. ज्वारी वर्षभर पुरत नाही, महिना-दीड महिना अजून विकतच घ्यावी लागते. पण कडब्यावर शेळ्या जगतात, आणि यंदा जावेनंही तिच्या वाट्यातल्या अर्ध्या एकरासाठी माझ्याकडून बियाणं नेलंय. सुगीला तेवढंच परत द्यायचं ठरलंय, वाढीदिढी काही नाही.