उत्तर भुताने दिलं!

होस्टेलमध्ये रहस्यपट बघण्याचे काही अलिखित नियम आहेत. ज्याने आधी पाहिलाय त्याने तोंड उघडायचं नाही, मध्येच कोणी चहाला उठायचं नाही आणि खुनी आधी ओळखणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये वडापाव फुकट! ‘तलाश’ लावला त्या रात्री हे बक्षीस कोणालाच मिळालं नाही. मिळणार तरी कसं? खुनी जिवंतच नव्हता! (ज्यांनी हा सिनेमा पाहिला नाही त्यांनी कृपया इथेच पान उलटावं. पुढे सगळं रहस्य फोडलेलं आहे.)

‘तलाश’ ३० नोव्हेंबर २०१२ ला आला. दिग्दर्शन रीमा कागतीचं, कथा-पटकथा तिची आणि झोया अख्तरची. आमिर खान, राणी मुखर्जी, करीना कपूर आणि लंगड्या तैमूरच्या छोट्याशा भूमिकेत भाव खाऊन जाणारा नवाजुद्दीन सिद्दीकी. सुरुवात तर अशी की पाठ टेकवत नाही. मुंबईची रात्र, समुद्राकाठचा रिकामा रस्ता. समोर कोणी नसताना एका फिल्मस्टारची गाडी एकदम वळते आणि थेट पाण्यात. तपासाला येतो इन्स्पेक्टर सुरजनसिंग शेखावत. त्याचा स्वतःचा लहान मुलगा पाण्यात बुडून गेलेला, त्यामुळे घरात बायकोशी धड बोलणं नाही, रात्री झोप नाही. एकीकडे केस, दुसरीकडे हे दुःख. दोन्ही धागे इतके छान विणलेत की आमच्या खोलीतला एरवी कॉमेंट्री करणारा गडीसुद्धा दीड तास गप्प होता.

आणि मग कळतं, की सुरजनला रात्री भेटणारी, केसचे महत्त्वाचे दुवे देणारी रोझी तीन वर्षांपूर्वीच मेलेली आहे. गाडी समुद्रात घालणारी तीच. झालं! खोलीत आधी शांतता, मग एकच गलका.

आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांना हे जास्त लागतं, असं मला वाटतं. रहस्यकथा म्हणजे शेवटी एक न्यूमेरिकलच असतं. दिलेली माहिती वर लिहिलेली असते, उत्तर तिच्यातूनच यायला पाहिजे. आपल्याला जमलं नाही तर चूक आपली, पण उत्तर बघून ‘अरे हो की!’ असं वाटलं पाहिजे. इथे सिनेमाने पूर्ण पेपर मेकॅनिक्सचा काढला आणि मॉडेल आन्सरमध्ये लिहिलं, ‘चमत्कार.’ आऊट ऑफ सिलॅबस!

हा नियम काही माझ्या डोक्यातून आलेला नाही. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज लेखकाने १९२९ मध्ये गुप्तहेरकथांचे दहा नियम लिहिले. त्यातला दुसराच नियम : भूतखेत, दैवी शक्ती वगैरे चालणार नाही. गंमत म्हणजे नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. आयुष्यभर देवावर श्रद्धा ठेवली, पण केस सोडवताना देवालाही मध्ये येऊ दिलं नाही! त्याच २०१२ सालच्या ‘कहानी’नेही आपल्याला भरपूर फसवलं होतं, पण तिथे फसवणारी हाडामांसाची बाई होती. म्हणून शेवटी आपण टाळ्या वाजवल्या.

माझ्या रूममेटचा मुद्दा मात्र खोडता येत नाही. तो म्हणतो, सिनेमाने खुणा ठेवल्या आहेत. रोझी सुरजनशिवाय कोणाशी बोलताना दिसते का बघ. शेजारची बाई मृतांशी बोलते, हेही आधीच सांगितलंय. कबूल. दुसऱ्यांदा बघताना या खुणा सापडतात. पण ‘ती भूत आहे’ हे ओळखणं वेगळं आणि केस सुटणं वेगळं.

माझी खरी तक्रार इथेच आहे. या सिनेमात एक खरीखुरी केस होती आणि ती फिल्मस्टारची नव्हतीच. अपघातात जखमी झालेल्या एका वेश्येला गाडीतले लोक रस्त्यात मरायला टाकून जातात आणि तीन वर्षं कोणी तिची चौकशीसुद्धा करत नाही. कारण तिच्यासारखीची नोंद कोण ठेवतो? सुरजनने हे एखाद्या जुन्या रजिस्टरमधून, चार माणसांना विचारून, पायपीट करून शोधलं असतं, तर तो तपास काळजाला भिडला असता. पण इथे मेलेल्या बाईला स्वतःच येऊन आपली केस सांगावी लागते. म्हणजे मेल्यावरही काम तिनेच करायचं!

हे मला एवढं का लागलं, तेही सांगतो. माझा मावसभाऊ तीन वर्षांपूर्वी हायवेवर बाईकवरून येताना गेला. उडवणारी गाडी थांबली नाही. मावशीला कोणीतरी एका बाईकडे नेलं. त्या बाईने डोळे मिटून सांगितलं, ‘तो सुखात आहे, तुम्ही रडू नका.’ त्या दिवशी मावशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. त्याला हसायची माझी हिंमत नाही. सिनेमातला सुरजनही शेवटी मुलाचं पत्र वाचून मोकळा रडतो, तेव्हा आमच्या खोलीतही दोघा-तिघांचे डोळे पुसणं चाललं होतं.

पण काका त्या बाईकडे गेले नाहीत. ते टोलनाक्यावर फुटेज मागायला गेले. धाब्यावाल्यांना विचारत फिरले. पोलीस चौकीत ‘बघतो, सांगतो’ ऐकत बाकावर बसले. अजूनही महिन्यातून एकदा जातात. वहीत तारखा लिहून ठेवतात. त्यांना मुलगा सुखात आहे का हे विचारायचं नाही, त्यांना गाडीचा नंबर पाहिजे.

मावशीसाठी ‘तलाश’ कदाचित चांगला सिनेमा असेल. दुःखावर फुंकर घालण्याचं काम तो मनापासून करतो. पण सिनेमाचं नावच मुळी शोध आणि शोधणाऱ्या माणसाला त्यात शेवटी काही शोधावंच लागत नाही. वहीत तारखा लिहिणाऱ्या माणसाच्या मदतीला कोणी रोझी येत नाही. त्याच्यावर कोणी सिनेमा काढला तर मला जरूर कळवा. वडापाव माझ्याकडून!