व्हिएन्नातले चार दिवस आणि हात धुण्याची गोष्ट

डिसेंबरमध्ये आम्ही दोघं चार दिवसांसाठी व्हिएन्नाला जाऊन आलो. मुलगी म्युनिकला नोकरी करते, ती रेल्वेनं तिथं आली. नाताळच्या आधीचे दिवस, तापमान शून्याच्या आसपास आणि दुपारी चारलाच अंधार. राजवाडा पाहिला, सेंट स्टीफनचं कॅथेड्रल पाहिलं, रस्त्यावर भाजलेले चेस्टनट खाल्ले. पण एक संध्याकाळ मी आधीच मागून घेतली होती.

"मला एक जुनं हॉस्पिटल बघायचंय," मी म्हटलं.

"आई, सुट्टीत तरी?" मुलगी हसली, पण आली.

सम्राट दुसऱ्या जोसेफनं १७८४ साली सुरू केलेलं हे सार्वजनिक रुग्णालय आता विद्यापीठाच्या ताब्यात आहे. एकामागून एक मोठे चौक, भोवती लांबच लांब इमारती. आम्ही गेलो तेव्हा पहिल्या चौकात नाताळचा बाजार भरला होता. दिव्यांच्या माळा, गरम पेयांचे कप हातात घेतलेली मुलं-मुली, लहान मुलांचे पाळणे. याच आवारात कधीकाळी बायका दाखल व्हायला घाबरत, हे सांगून खरं वाटलं नसतं.

गोष्ट अशी. १८४० च्या दशकात इथं प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात सरासरी दहातली एक बाळंतीण तापानं दगावत असे. दुसऱ्यात हे प्रमाण निम्म्याहूनही कमी होतं. शहरभर ही गोष्ट माहीत होती. पहिल्या विभागाचा दिवस असला की बायका गयावया करत, दुसरीकडे घ्या म्हणत. रस्त्यातच बाळंत होऊन आलेल्या बायकाही पहिल्या विभागातल्या बायकांपेक्षा जास्त जगत.

इग्नाझ सेमेलवाइस तिथं सहायक डॉक्टर होता. कारण शोधून तो थकला. १८४७ च्या मार्चच्या सुरुवातीला मन ताजं करायला तो व्हेनिसला छोट्या सुट्टीवर गेला. परतला तर बातमी होती, त्याचा मित्र प्राध्यापक कोलेच्का वारला. शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्याच्या बोटाला लागली होती. त्याच्या शरीरात जे बिघाड दिसले ते बाळंतिणींमध्ये दिसत तसेच होते. सेमेलवाइसच्या लक्षात आलं, की डॉक्टर शवागारातून थेट प्रसूतिगृहात येतात, सुइणी येत नाहीत. विष हातांवरून येतंय.

मेच्या मध्याला त्यानं क्लोरिनच्या पाण्यानं हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये ३१२ बाळंतिणींपैकी ५७ दगावल्या होत्या, म्हणजे १८ टक्के. जूनमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आलं.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला त्या चौकात आठवत होती ती त्यापुढची. ऑक्टोबरमध्ये वॉर्डातल्या पहिल्या खाटेवर गर्भाशयाच्या कॅन्सरची, सतत स्राव होणारी एक बाई होती. राउंड तिच्यापासून सुरू व्हायचा. तिला तपासून नुसत्या साबणानं हात धुवून डॉक्टर पुढच्या खाटेकडे जात. तेव्हा प्रसूत होत असलेल्या बारा बायकांपैकी अकरा दगावल्या. शवागारातून आल्यावर एकदा हात धुणं पुरेसं नव्हतं, प्रत्येक पेशंटनंतर धुवायला हवे होते.

आता माझं सांगते. मी रेसिडेन्ट होते तेव्हाची रात्र. लेबर रूम भरलेली, एका टेबलावर दोघीजणी, नळाला पाणी नाही. मावशींनी एक बादली भरून ठेवली होती, तीही मध्यरात्रीपर्यंत संपली. ग्लोव्हज मोजून मिळायचे. एकीला तपासायचं, कळ आली म्हणून दुसरीकडे धावायचं. त्या रात्री बाळंत झालेल्या एका बावीस वर्षांच्या मुलीला तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला. सहाव्या दिवशी ती गेली. तिच्या सासूनं बाळ दुपट्यात गुंडाळून माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "ताई, आता हे कुणाच्या दुधावर वाढवू?"

जंतू माझ्याच हातांवरून गेले का? तिला चौघांनी तपासलं होतं. कदाचित मी, कदाचित नाही. पाणी नव्हतं, ही सबब खरी आहे. पण पाणी मागवायला मी आरडाओरडा केला नाही, हेही खरं आहे. तीस वर्षांत ही गोष्ट मी घरी सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी बाजारातल्या बाकावर बसून सांगितली. मुलगी काही बोलली नाही. तिनं माझा हात तिच्या हातमोज्यात ओढून घेतला.

सेमेलवाइसनं पुढं पुस्तक लिहिलं, त्यात आपल्या हातून किती बायका गेल्या हे देवच जाणे, अशी कबुली दिली. बहुतेक डॉक्टरांना ती कबुली पचली नाही. आपणच रोग पोहोचवतो, हे कोण मान्य करणार? १८६५ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, व्हिएन्नातल्या मनोरुग्णालयात जखमेतल्या जंतुसंसर्गानं तो वारला. ज्या आजाराशी तो लढला, त्याच्याच जातीचा हा शेवट. पाश्चरनं बाळंतपणाच्या तापामागचे जंतू दाखवले ते १८७९ साली.

आता तुमच्या उपयोगाचं.

साबण जंतूंना मारण्यापेक्षा मुख्यतः सोडवून काढतो. हातावरच्या तेलकट थराला चिकटलेले जंतू फेसात येतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून किमान वीस सेकंद चोळायचं, बोटांच्या बेचक्यात, नखांखाली आणि अंगठ्याभोवती. हात मळलेले दिसत नसतील तर सॅनिटायझर चालतो, पण त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल हवं. घरात जुलाब-उलट्यांचा पेशंट असेल तर साबण-पाणीच वापरा, कारण त्यातले काही जंतू सॅनिटायझरला दाद देत नाहीत.

घरात बाळंतीण असेल तर हे लक्षात ठेवा. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, थंडी वाजणं, ओटीपोटात दुखणं, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास, छातीत धडधड, यांपैकी काहीही असलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. "दूध उतरतंय म्हणून अंग गरम आहे" असं स्वतःच ठरवून थांबू नका. हा धोका बाळंतपणानंतर सहा आठवडे असतो. टाके असतील तर ते हाताळण्याआधी आणि नंतर हात धुवा. बारशाला आलेल्या प्रत्येकानं बाळ घेण्याआधी हात धुवावेत, मामा असो नाहीतर शेजारीण. कुणाला राग आला तरी चालेल.

आणि डॉक्टरांनाही विचारा. इथं आपण संकोचतो, "मॅडमना कसं विचारायचं?" परतल्यावर मी आमच्या वॉर्डात प्रत्येक खाटेजवळ सॅनिटायझरची बाटली आणि मराठीत एक पाटी लावली: "आम्ही हात धुतले का, हे जरूर विचारा." दोन आठवडे कुणी विचारलं नाही. मग एका बाळंतिणीची आई, नऊवारीतली, पदर सावरत चाचरत म्हणाली, "रागावू नका हो डॉक्टरीणबाई, पण हात धुतले का?"

मी धुतले होते. तरी तिच्यासमोर पुन्हा धुतले.