लॉकचा दिवा लागतोय का?

सिस्टिम अपडेट म्हणजे घरात रंगकाम काढण्यासारखं असतं. भिंती एकदम चकाचक, पण मसाल्याचा डबा कुठे गेला ते दोन दिवस सापडत नाही! माझ्या कम्प्युटरवरचा हा डबा म्हणजे मराठी टायपिंगचं एक जुनं सॉफ्टवेअर. बाबा टायपिंगचं जॉबवर्क करायचे तेव्हापासून घरात असलेलं. गेल्या वर्षी दिवाळी अंकाचा लेख द्यायला तीन दिवस उरले असताना रात्री अपडेट झालं आणि सकाळी हे महाशय उघडेचनात. डबलक्लिक केलं की 'की सापडत नाही' अशा अर्थाची एक छोटीशी खिडकी यायची. बस्स, खेळ खल्लास.

तुम्ही म्हणाल, युनिकोडच्या जमान्यात हे कसलं जुनं खटलं? खरंय. देवनागरी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे १९९१ पासून आहे. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टही आला. पण हा अंक ज्या प्रेसमध्ये लागतो, तिथे पानं अजून जुन्या फॉन्टमध्येच लागतात. या फॉन्टचा फंडा मजेशीर आहे. डोळ्यांना 'क' दिसतो, पण फाइलच्या पोटात असतो कुठल्या तरी इंग्रजी अक्षराचा कोड. फॉन्ट त्याच्यावर फक्त मराठी मुखवटा चढवतो. मुखवटा काढला की उरतात इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं!

लेखाचं टेन्शन होतंच, पण तो पुन्हा लिहिता आला असता. त्याच सॉफ्टवेअरमध्ये आजीच्या आठवणी होत्या. २०१९ च्या उन्हाळ्यात मी तिच्याशेजारी बसून टाइप केलेली चाळीसेक पानं. तिचं माहेर, तिची शाळा, लोणच्याचं प्रमाण, सगळं. आजी २०२१ मध्ये गेली. फाइल समोर दिसत होती, तिचा पेनड्राइव्हवर बॅकअपसुद्धा होता, आणि वाचता मात्र एक शब्द येत नव्हता. बॅकअप असूनही गोष्ट हातातून जाऊ शकते, हे तेव्हा कळलं.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. एक मित्र म्हणाला, 'रीस्टार्ट कर.' दुसरा म्हणाला, 'काढून परत टाक.' तिसऱ्याने थेट फर्मान सोडलं, 'फॉरमॅट मार!' शेवटी मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या प्रेसमधल्या डीटीपीवाल्या काकांना फोन लावला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, 'अगं, लॉकचा दिवा लागतोय का?'

लॉक म्हणजे यूएसबीला लावायचा तो छोटा डोंगल. तो सापडला तरच सॉफ्टवेअर चालतं. मी सीपीयूच्या मागे वाकून बघितलं. दिवा बंद!

'मग सॉफ्टवेअरला हात लावू नकोस बाळा,' काका म्हणाले. 'ते ठणठणीत आहे. त्याला किल्ली दिसत नाहीये, एवढंच.'

डिव्हाइस मॅनेजर उघडलं तर लॉकच्या नावापुढे पिवळा त्रिकोण. विंडोज ११ मध्ये 'मेमरी इंटेग्रिटी' नावाचा एक पहारेकरी असतो. न जुळणारे जुने ड्रायव्हर तो लोडच होऊ देत नाही. त्याने आमच्या लॉकच्या जुनाट ड्रायव्हरला दारातच अडवलं होतं. पहारेकऱ्याला सुट्टी देता येते, पण मग दार सगळ्यांनाच उघडं. काकांनी दुसरा रस्ता सांगितला. लॉक बनवणारी कंपनी वेगळी असते, सॉफ्टवेअरची वेगळी. लॉकवाल्यांच्या साइटवर नवा ड्रायव्हर होता. तो टाकला, मशीन रीस्टार्ट केलं आणि दिवा लागला. एकूण वेळ वीस मिनिटं. त्याआधी वाया गेलेला वेळ, दीड दिवस!

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी डेटाची कॉपी बाजूला ठेवा. मग एररची खिडकी घाईत बंद न करता शब्दन्‌ शब्द वाचा. 'अपडेट हिस्टरी'त जाऊन रात्री नेमकं काय बदललं ते बघा. अ‍ॅप ज्याच्या जिवावर चालतं ते तपासा, म्हणजे ड्रायव्हर, लॉक, परवानगी. छोटं अपडेट तिथूनच अनइन्स्टॉल करता येतं. विंडोजची मोठी आवृत्ती बदलली असेल, तर मागे फिरायला साधारण दहाच दिवस मिळतात. आणि काढून परत टाकणं सगळ्यात शेवटी, कारण जुन्या सॉफ्टवेअरची सीडी आणि लायसन्सचा नंबर घरात सापडेलच, याची गॅरंटी कोण देणार?

अपडेटच नको, हा मार्गही खरा नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याआधी २०१९ मध्ये मॅकच्या कॅटालिनाने ३२-बिट अ‍ॅप्स चालवणंच बंद केलं. तिथे कुठलाही ड्रायव्हर कामाला येत नाही. दिवा लागला म्हणजे मुदत वाढून मिळाली, इतकंच.

ती मुदत मी वापरली. लेख पाठवला आणि त्याच आठवड्यात आजीची चाळीस पानं युनिकोडमध्ये बदलून घेतली. कन्व्हर्टरने रफार भलत्याच अक्षरावर टाकले, पहिल्या वेलांट्या इकडच्या तिकडे केल्या. तीन रविवार प्रूफं तपासण्यात गेले. पण त्यामुळे सगळं पुन्हा नीट वाचून झालं.

आता ती पानं कुठल्याही मोबाइलवर उघडतात. परवा नाशिकहून आत्याचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट मुद्द्यावर. 'अगं, लोणच्यात मोहरी एवढी? आईने असं सांगितलंच नसणार!'

सांगितलं होतं. माझ्याकडे लेखी आहे!